तोरणाखालचं गाढव

दिघोरी, जि. भंडारा
५ सप्टेंबर १९७८

प्रिय तुल्या,

तू पाठवलेलं पुस्तक पोचलं. पोस्टमनने ते ओट्यावर दाणकन आपटलं आणि विचारलं, "गुरुजी, मुंबईवरून विटा बोलावल्या काय?" फुटपाथवर सापडलं म्हणतोस. नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये आपण एका खोलीत राहून काढलेल्या वर्षांत आपल्याला कोणी हे दाखवलं नाही, याचाच मला राग येतो आहे.

स्पॅनिश मला येत नाही, आणि गरजही पडली नाही. डॉक्टर झालेलं गाढव रोग्याची नाडी बघतं आहे. दुसरं गाढव आपल्या घराण्याचं पुस्तक उघडून बसलं आहे आणि त्यात आजोबा-पणजोबा सगळे गाढवच. तिसरं मास्तर आहे आणि समोर शिंगरू धडा घेतं आहे. हा चित्रकार गोया तिकडे माद्रिदला बसून दोनशे वर्षांपूर्वीच आमच्या शाळेची तपासणी करून गेला की काय, कोण जाणे! मी एकटाच हसत होतो. रुखमा म्हणाली, "गाढवं पाहून येवढे कायले हासून राहिले? शाळेत दिसत नाहीत काय?"

मग माझ्या डोक्यात आलं, अरे, या तर झडत्या! पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राहिले की तुझ्या बपेऱ्यात काय आणि आमच्या दिघोरीत काय, ज्याला जे बोलायचं ते तो यमक जुळवून बोलतो. गावातला मोठ्यातला मोठा माणूस समोर असतो आणि त्याने हसायचं असतं. तोरण तुटलं की विषय संपला. बाईचं नाव मात्र झडतीतसुद्धा घ्यायचं नाही. आमच्या बाबांसारखा झडतीवाला आसपासच्या गावांत नाही. यंदा त्यांनी आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांना, परसरामजींना, धरलं. राइस मिल त्यांची, शाळा त्यांची, आणि स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही जेमतेम.

चवथी नापास शाळेचा धनी,
गुरुजी उभे हात जोडुनी,
घंटा होते बारा वाजता,
मालक उठले दात घासता!

बाबांच्या झडतीशेजारी मी माझीही झडती तोरणाच्या खांबाला लावली, कागदावरची. आंब्याच्या फळीवर खुर्चीत बसलेलं गाढव कोरलं. सगळे मास्तर रांगेत उभे राहून त्याचे कान ओढून धरताहेत, म्हणजे साहेबांना आमचं म्हणणं ऐकू यावं. छापायचं यंत्र कुठलं? फळीला शाई लावली, वर कागद ठेवला आणि रुखमाच्या पळीच्या पाठीने घासला. 'विद्यालय' ही पाटी उलटी उमटली, पण आमच्या विद्यालयाला तीच शोभते म्हणून पुन्हा कोरली नाही.

परसरामजी पोट धरून हसले. म्हणाले, "गुरुजी, शेपूट काहून नाही काढलं माहं?" दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद मारबतीच्या पुतळ्याबरोबर शिवेवर नेऊन जाळला, गावाची इडापिडा जाते तसा तोही गेला. आणखी एकच प्रत काढली होती, ती तुला पाठवतो आहे. भिंतीला लाव, पण कोण-कुठलं ते कोणाला सांगू नकोस. ही गोष्ट गावाची आहे, मी फक्त कोरली.

तुझा
सेवकराम


मुंबई
२२ सप्टेंबर १९७८

प्रिय सेवक,

लेका, मारलंस मला! मी इथे जाहिरात कंपनीत बसून प्रेशर कुकरशेजारी हसणारी बाई काढतो. साहेब म्हणतात, बाई अजून थोडी हसू द्या. आता तिचे दात संपत आले. तुझा छाप टेबलावर ठेवला तर दोघांनी विचारलं, तुझं आहे का? मी 'नाही' म्हणालो आणि दिवसभर जीव जळत राहिला.

गोयाची गंमत ऐक. पुस्तक तुला पाठवण्याआधी इथल्या एका पाद्रीबाबांकडून त्याची प्रस्तावना समजून घेतली होती. गोयाने तांब्याच्या पत्र्यांवर तेजाबाने ही चित्रं उठवली आणि विकायला ठेवली कुठे, तर अत्तराच्या आणि दारूच्या दुकानात! जाहिरातीत लिहिलं, मी कोणा एका माणसाची टिंगल केलेली नाही. झालं! अख्खं माद्रिद एकेका गाढवाला नाव चिकटवत बसलं. हा मंत्री, ती राणी. थोड्याच दिवसांत त्याने सगळा संच दुकानातून काढून घेतला.

पुढच्या पोळ्याला नवीन छाप काढशील तेव्हा मला विसरू नकोस. इतका चांगला हात फक्त मारबतीसाठी वापरायचा, हे काही मला पटत नाही.

आई बपेऱ्याला एकटी आहे. भंडाऱ्याला गेलास तर तुमसरची एस.टी. धरून तिला भेटून ये.

तुझा
तुलाराम


दिघोरी
२६ ऑगस्ट १९७९

प्रिय तुल्या,

तुझ्या आईला भेटून आलो. पार्वताबाईंनी मला मोहाची भाजलेली फुलं खाऊ घातली आणि विचारलं, "आमचा तुला तिकडं जेवते काय रे बापा?" मी म्हणालो, जेवतो, चांगला गुबगुबीत झाला आहे. खोटं असेल तर लवकर खरं कर.

यंदाचा छाप सोबत आहे, तुझ्यासाठी दोन प्रती. गोयाच्या त्या चित्रात दोन माणसं पाठीवर गाढवं वाहून नेतात, बघितलंस ना? आमच्याकडे त्याचा खेळच झाला. तपासणीच्या दिवशी नाल्याला पाणी आलं आणि आमच्या दोन मास्तरांनी परसरामजींना उचलून पलीकडे नेलं, त्यांचे जोडे भिजू नयेत म्हणून. मी तेच कोरलं. पलीकडे मिल काढली. मिलच्या खिडकीतून एक हात डबा पुढे करतो आहे. मनगटावर गोंदण.

त्या हातावरून घरात वाद झाला. रुखमा म्हणाली, "हात कायले काढला? बाईले झडतीत आणत नसतेत." मी म्हणालो, नाव कुठे घेतलं? नुसता हात तर आहे. ती म्हणाली, "गोंदण त का सगळ्याईचं सारखंच रायते?" मी तरीही लावला. चित्राला तो हात हवाच होता, नाहीतर उजवी बाजू रिकामी दिसत होती.

परसरामजी गाढवाला हसले. हाताकडे मात्र थोडा वेळ बघत राहिले, आणि मग बैलांच्या पाठीवरून हात फिरवायला निघून गेले.

सेवकराम


मुंबई
५ सप्टेंबर १९७९

प्रिय सेवक,

छाप पाहून खुर्चीतून उठलो. गाढव तर आहेच, पण तो हात! सगळं चित्र त्या हाताने उचललं आहे. कोणाचा रे तो?

आणि नुसतं 'गाढव म्हणजे गाढव' म्हणून टाळू नकोस. मला सगळं लिही. खिडकीत कोण आहे, तिचं आणि तुझ्या अध्यक्षांचं काय आहे, गाव काय बोलतं. एका खोलीत राहिलो आपण, सेवक, एका ताटात जेवलो. माझ्यापासून लपवण्यासारखं तुझ्याकडे काय आहे? आणि मी कोणाला सांगणार? इथे शेजारच्या खोलीतल्या माणसाला माझं नाव माहीत नाही. आईची शपथ, वाचून फाडून टाकीन.

तुला एक गोष्ट कळते का? त्या जंगलात बसून तू जे करतो आहेस, ते समजणारा माणूस तुझ्यापाशी एकच आहे.

तुझाच
तुलाराम


दिघोरी
१४ सप्टेंबर १९७९

प्रिय तुल्या,

तू शपथ घेतोस म्हणजे मला लिहावंच लागतं. आणि खरं सांगू, कोणीतरी इतक्या आवडीने विचारलं की माणसाला सांगावंसं वाटतं. इथे मला असं विचारणारं कोणी नाही.

तिचं नाव शकुनबाई. नवरा तरुणपणीच गेला. मिलवर धान पाखडते. परसरामजींची बायको वारल्यापासून दुपारचा डबा तीच आणते. ते जेवेपर्यंत ती दाराशी बसते. याच्यापुढे काय आहे आणि काय नाही, हे गाव जाणतं आणि तोंडातून काढत नाही. माणूस गाढव आहे खरा, पण तिच्या हातचं खाताना मान खाली घालून खातो. ते मी एकदा बघितलं, म्हणून तो हात कोरला. टिंगल करायला नाही कोरला, तुल्या. गाढवालाही कोणीतरी जेवू घालतं, एवढंच मला सांगायचं होतं.

बाकी गाढव कोण, उचलणारे मास्तर कोण, तपासणीला साहेब कोणता आला होता, सगळं मागच्या पानावर लिहिलं आहे. वाचून फाड.

सेवकराम


मुंबई
१२ ऑक्टोबर १९७९

प्रिय सेवक,

फार घाईत आहे. हे कार्डच. एका गोष्टीत गुंतलो आहे, झाली की सविस्तर लिहीन. मध्ये पत्र आलं नाही तर रागावू नकोस. माझ्याबद्दल कोणी काही सांगितलं तर आधी मला विचार.

तुलाराम


दिघोरी
२७ ऑक्टोबर १९७९

प्रिय तुल्या,

तुझं कार्ड वाचून काळजी वाटली. "कोणी काही सांगितलं तर" म्हणजे काय रे? नोकरी गेली का? की तब्येत बिघडली आहे आणि आईला कळू नये म्हणून लपवतो आहेस? तू लपवायला लागलास की तुझी अक्षरं लहान होतात, हे मला कॉलेजपासून माहीत आहे.

तुमसरचे एक गृहस्थ मुंबईला चालले होते, त्यांच्याबरोबर जुना चिन्नोर तांदूळ पाठवला आहे. रुखमाने निवडून दिला. भात करशील तेव्हा झाकण उघडं ठेव, शेजारच्या खोलीतल्या माणसाला तुझं नाव आपोआप कळेल. काही अडचण असली तर इकडे निघून ये. खोली नाही, पण ओटा मोठा आहे.

तुझा
सेवकराम


दिघोरी
२२ नोव्हेंबर १९७९

तुलाराम,

दिवाळी अंक पाहिला. परसरामजींचे नागपूरचे जावई घेऊन आले होते.

गुळगुळीत कागदावर माझी दोन्ही गाढवं आली आहेत. वर मोठ्या अक्षरांत 'तुलाराम यांची मुद्राचित्रे'. तुझा फोटो आहे, दाढी वाढवली आहेस. आणि चित्रांखाली आमच्या गावाचं नाव, परसरामजींचं नाव, मिल, मास्तर. शेवटी, "खिडकीतला हात मिलवरच्या विधवेचा, शकुनचा." माझीच वाक्यं आहेत. तू फक्त शुद्धलेखन सुधारलंस.

मला मिलवर बोलावणं आलं. कोणी छापलं हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. गाढवं कोणाची ते पहिलीतलं पोरही सांगेल. मला वाटलं, आज नोकरी गेली. ते पोत्यावर बसले होते. म्हणाले, "गुरुजी, तोरनाखाली मी हासलो नाही काय? तुमच्या बावानं मले गाढव म्हनलं, मी हासलो. तुमी म्हनलं, मी हासलो. ते गावातलं होतं, सकारी मारबतीसंग गेलं. आता हे कायच्यासंग जाईल, सांगा ना मले?"

मी म्हणालो, मला काढून टाका. ते म्हणाले, "नाही काढत. तुमी राहा. तुमाले काढलं त तेही मुंबईले छापून येईल."

त्यानंतर शकुनबाई आमच्या अंगणात आली. रुखमाने बसायला पाट दिला, ती बसली नाही. उजवा हात पदराखाली होता. म्हणाली, "गुरुजी, तुमाले त्याईची गंमत करायची होती त करायची होती. माहा हात कायले घेतला?" एवढंच बोलली. रुखमा रडली, ती नाही रडली. चार दिवसांनी पेटी घेऊन ती भावाच्या गावच्या एस.टी.त बसली. मिलवरच्या बायका तिला पोचवायला गेल्या. मी जाऊ लागलो तर रुखमाने दारात अडवलं.

माझं नाव खालून काढलंस, त्याचं मला दुःख नाही, असं लिहिणार होतो. खोटं कशाला लिहू? त्याचंही दुःख आहे. फळी कोरताना अंगठ्याला झालेली जखम अजून दिसते, आणि तू दाढी वाढवून फोटो काढलास! पण ते मी गिळलं असतं. मी तुला एका बाईचं नाव दिलं, कारण तू आईची शपथ घेतलीस. तू ते बाजारात मांडलंस. हे कसं केलंस रे? माझं पत्र समोर ठेवून उतरवताना एकदाही हात थांबला नाही का?

चिन्नोर मिळाला असेल.

सेवकराम


मुंबई
३ जानेवारी १९८०

प्रिय सेवक,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. तू म्हणतोस तसा मी वाईट नाही.

पहिली गोष्ट, माझं नाव मी तुझ्यासाठी घातलं. तुझं घातलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. मी इथे सुरक्षित आहे, म्हणून जोखीम माझ्या अंगावर घेतली. दुसरी गोष्ट, चित्रांखालची नावं संपादकाने घातली. इथे नाव नसलेल्या गाढवाकडे कोणी ढुंकून बघत नाही. लोक विचारतात, हे खरं आहे का? खरं आहे म्हटलं की थांबतात. त्या बाईचं वाईट वाटलं. पण गावं अशी महिनाभरात विसरतात.

आणि गोयाला आपण देव करून ठेवलं आहे, पण त्याने काय केलं? शेवटी ते सगळे तांब्याचे पत्रे राजाला देऊन टाकले आणि मुलासाठी पेन्शन लावून घेतली. ज्या दरबाराची टर उडवली, त्यालाच! कलावंताला जगावं लागतं, सेवक.

आता मुद्द्याचं. अंक पाहून इथल्या एका संस्थेने मला माद्रिदला वर्षभर पाठवायचं ठरवलं आहे. ती मूळ चित्रं मी डोळ्यांनी बघणार! तिकडे माझ्याकडून मूळ ठोकळ्यांवरून नवीन छाप मागितले आहेत. तू कोरलेल्या त्या दोन्ही फळ्या, म्हणजे ठोकळे, रजिस्टर्ड पोस्टाने पाठव. मी गेलो की तिथे कोणाला तरी नक्की सांगेन की कल्पना आपल्या दोघांची होती. आणि गावात आता काय बोलतात, तेही लिही. नवीन काही सुचेल.

तुझा
तुलाराम

ता. क. चिन्नोर मिळाला. सगळ्या चाळीला वास गेला.


दिघोरी
१३ सप्टेंबर १९८०

तुलाराम,

उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. बपेऱ्याला गेलो होतो, तुझ्या आईने तुझा माद्रिदचा पत्ता दिला. ती ठीक आहे. तिला मी काही सांगितलं नाही, तू शपथ तिची घेतली होतीस हेही नाही.

ठोकळे मिळणार नाहीत. यंदाच्या मारबतीबरोबर मीच ते शिवेवर नेले आणि जाळले. आंब्याचं लाकूड आहे, वेळ लागला.

नावं संपादकाने घातली म्हणतोस. दिघोरी कुठे आहे हे संपादकाला माहीत नाही, मग शकुन हे नाव त्याला स्वप्नात दिसलं का? आणि गोयाने पत्रे राजाला दिले असतील. पण ते त्याचे स्वतःचे होते, त्याने कोरलेले. मित्राच्या घरून मागवून त्याने दिले नव्हते. तिथे आहेस तर नीट बघ, त्या चित्रांखाली त्याने कोणाचं नाव लिहिलेलं सापडतं का.

शकुनबाई परत आली नाही. परसरामजी दुपारी मिलवर जेवत नाहीत, घरी जातात. मी शाळेत आहे. शिक्षकांच्या खोलीत शिरलो की बोलणं थांबतं. मग कोणीतरी म्हणतं, "आज उकाडा होऊन राहिला ना, गुरुजी." रोज तेच.

गावात काय बोलतात ते लिही म्हणालास. शेवटचं लिहितो.

यंदा पोळा भरला. बैल रंगवले, तोरण बांधलं, डफ वाजला. परसरामजी पटका बांधून नेहमीच्या जागी येऊन उभे राहिले. खरं सांगतो, ते वाट बघत होते. यंदाही कोणी आपल्याला बोलेल आणि आपण हसू, मागचं सगळं धुऊन निघेल, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. माझाही जीव त्याच्यातच अडकला होता. सगळे बाबांकडे बघू लागले. बाबा पुढे झाले, डफवाल्याला हाताने थांबवलं, तोंड उघडलं. गर्दीवरून त्यांची नजर फिरली, एका जागी थांबली, आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. दुसरंही कोणी बोललं नाही. तोरण तसंच तुटलं आणि बैल आपापल्या घरी गेले. आमच्या गावात कोणाच्या आठवणीत असं झालेलं नाही.

घरी आल्यावर बाबा बैलांच्या शिंगांची बेगड सोडवत होते. मी विचारलं, "बाबा, परसरामजींचा धाक वाटला काय?"

"त्याचा कायचा धाक? त्याले त मी त्याच्या लग्नापासून बोलून राहिलो."

"मग काहून नाही बोलले?"

त्यांनी बैलाच्या मानेवर थाप मारली, माझ्याकडे बघितलं नाही.

"तू उभा होता ना तेथं."

सेवकराम